देवाची पालखी आणि तिचे खांदेकरी

पालखी हे एके काळी माणसांचे वाहन होते, ही गोष्ट आता मुद्दाम आठवावी लागते. मराठी राज्यात सरदाराला, कारभाऱ्याला किंवा मोठ्या विद्वानाला सरकारातून पालखीचा मान मिळे आणि त्याबरोबर तिच्या खर्चाची नेमणूकही मिळे. कारण नुसती पालखी दारात ठेवून भागत नाही, ती उचलणारी माणसे बारमाही पोसावी लागतात. ‘पालखीनशीन’ हा शब्द त्याच काळचा. ज्याची पालखी त्याची अबदागीर, त्याचे भालदार, त्याचे चोपदार. पुढे सडका झाल्या, घोड्यांच्या गाड्या आल्या, १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत येऊन पोहोचली आणि वाहन म्हणून पालखीचा निकाल लागला. सरदारांच्या पालख्या माळ्यावर गेल्या किंवा संग्रहालयात जाऊन बसल्या. भोयांचा तो धंदा बुडाला. एकट्या देवाने मात्र आपले जुने वाहन सोडले नाही.

नागपूर शहराच्या नैर्ऋत्य बाजूस, खामला आणि त्रिमूर्तीनगर ह्यांच्या शेजारी, प्रतापनगर ही वस्ती आहे. नोकरदारांची घरे, आखीव भूखंड, फाटकापुढे उभ्या असलेल्या मोटारी असा तिचा थाट. गावकी नाही, वतन नाही, वेस नाही. तरीही माघ वद्य सप्तमीस, म्हणजे शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनी, नागपूरच्या अशा वस्त्यावस्त्यांतून पालखी निघते. घरोघरी सडासंमार्जन होते, रांगोळ्या घातल्या जातात, फाटकाशी पाण्याची कळशी आणि ओवाळणीचे ताट घेऊन बाया उभ्या राहतात. महाराज शेगावी प्रथम दृष्टीस पडले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी; म्हणजे त्या वेळी नागपुरास आगगाडी येऊन दहा वर्षे उलटून गेली होती. वाहनांचे नवे युग सुरू झाल्यानंतर ज्यांची कीर्ती पसरली त्या सत्पुरुषालाही भक्तांनी बसविले ते पालखीतच. ह्यात काही योगायोग नाही. देवाला चाकांच्या गाडीतून नेता येते, रथातून तर नेतातच. पण खांद्यावरून नेण्यात जे घडते ते गाडीने घडत नाही.

काय घडते, हे समजण्यासाठी आधी माणसाच्या आणि देवाच्या पालखीतला एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. सरदाराची पालखी भोई उचलीत. त्यांचा खांदा भाड्याचा होता. त्यांची नावे कोणी विचारीत नसे. पालखीचा मान आत बसणाऱ्याचा. देवाच्या पालखीत हे उलटे होते. तेथे उचलणे हाच मान. गावोगावी ह्या मानासाठी पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली आहेत, कज्जे चालले आहेत, प्रसंगी डोकी फुटली आहेत. भोयाचे जे काम तेच देवापुढे वतन होऊन बसते. तेव्हा पालखीत कोण बसले आहे ह्या प्रश्नाइतकाच तिच्या दांड्याखाली कोण आहे हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, आणि बहुधा पालखीचा सारा इतिहास ह्या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. देवळातील मूळ मूर्ती सहसा जागची हलत नाही. ती स्थापिलेली असते. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती, किंवा देवाचा चांदीचा मुखवटा, किंवा संतांच्या बाबतीत त्यांच्या पादुका. जपानातील मंदिरांतही हीच व्यवस्था आढळते. तेथील शिंतो देवस्थानांच्या उत्सवात ‘मिकोशी’ नावाचे एक लहानसे देऊळच लांब दांड्यांवर ठेवून मिरवितात. लाखेचे रोगण दिलेले, छपरावर सोन्याचा मुलामा दिलेला एक दिव्य पक्षी, चारी बाजूंना छोटी छोटी महाद्वारे. ‘कोशी’ म्हणजे पालखी आणि ‘मि’ हा आदर दाखविणारा उपसर्ग, म्हणजे शब्दाचा अर्थ आपल्या ‘श्रींची पालखी’ ह्याहून निराळा नाही. इ. स. ७४९ मध्ये क्यूशू बेटावरील उसा येथील हाचिमान देव नारा राजधानीतील महाबुद्धाच्या भेटीस जांभळ्या पालखीतून आला, आणि तेव्हापासून ही चाल पडली, असे तेथे मानतात. उत्सवाच्या आधी पुजारी देवाचे तेज विधिपूर्वक मिकोशीत उतरवितात. मूळ प्रतीक गाभाऱ्यातच राहते. राजेलोकांचे वाहन देवाने घ्यावे, आणि राजे गेल्यावर ते त्याच्याकडेच उरावे, हा प्रकार दोन्ही देशांत सारखाच घडला आहे.

ह्या नियमाला आपल्याकडे एक मोठा अपवाद आहे, आणि तो तुळजापूरचा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून ठराविक वेळी ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते, आणि दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघनासाठी प्रत्यक्ष मूळ मूर्तीच, साड्यांचे वेष्टन बांधून, पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालते. ही पालखी तुळजापूरची नसते. ती येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि ती आणण्याचा मान तेथील तेली समाजातील भगत घराण्याकडे आहे. देवीचा पलंग येतो तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून. वाटेत गावोगावी पालखीचे आणि पलंगाचे दर्शन होते, मुक्काम होतात, आणि नेमक्या वेळी ही दोन्ही वाहने तुळजापुरात येऊन मिळतात. सीमोल्लंघन झाले की देवी त्या पलंगावर पौर्णिमेपर्यंत निद्रा करते. पालखीचे काय होते? तिचे आयुष्य एवढेच. ती मोडून तिचे लाकूड होमात अर्पण केले जाते, आणि पुढच्या वर्षी नवी पालखी घडविली जाते.

जी वस्तू जपून ठेवता आली असती ती दरवर्षी मोडून टाकण्यात उधळपट्टी दिसेल. पण ह्या व्यवस्थेने एक गोष्ट साधली आहे. पालखी जर चांदीची आणि कायमची असती तर ती मंदिराच्या कोठीत पडली असती आणि बुऱ्हाणनगरचा संबंध एखाद्या शिलालेखापुरता उरला असता. ती दरसाल नव्याने करावी लागते म्हणून सुतार लागतो, लोहार लागतो, वाटेवरची गावे लागतात, आणि तेल्याच्या घरची पालखी आल्यावाचून भवानीला उंबरठा ओलांडता येत नाही. एका घराण्याचा मान टिकविण्यास दस्तऐवजापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा ठरला आहे.

पालखीचे खरे नांदते राज्य पाहावयाचे तर कोकणात शिमग्यासच जावयास हवे. इतर ठिकाणी पालखी मिरविते. कोकणात ती नाचते. रत्नागिरी जिल्ह्यातील गावांची ग्रामदेवता, मग ती वाघजाई असो, सोमजाई असो, केदारलिंग असो की भैरी असो, वर्षभर देवळात बसलेली असते. फाल्गुनात ती बाहेर पडते. आधी ‘रूपे लावणे’ हा विधी होतो. मानकऱ्यांच्या ताब्यात पेटीबंद असलेले देवांचे चांदीचे मुखवटे वाजत गाजत आणून पालखीत बसवितात. काही गावांचे शिमगे त्रयोदशीचे, त्यांना तेरसे म्हणतात. काहींचे पौर्णिमेचे, ते भद्रेचे. होम झाला की पालखी सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे गावातील देवीच्या मुक्कामाचा चौथरा. क्योतो शहरातील गिओन उत्सवातही तीन मिकोशी १७ जुलैच्या रात्री यासाका देवळातून निघून गावातील अशाच एका मुक्कामाच्या जागी येतात आणि २४ तारखेस परततात. उंच सजविलेल्या रथांच्या मिरवणुकीकडे सगळ्या जगाचे डोळे लागलेले असतात. परंतु ज्याच्यासाठी रस्ता शुद्ध करावयाचा तो देव संध्याकाळी मागून खांद्यावर येतो, हे पुष्कळ पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

सहाणेवरून मग पालखी घरोघर निघते, आणि हाच ह्या उत्सवाचा गाभा. वर्षभर माणसे देवाकडे जातात. ह्या दिवसांत देव माणसाकडे येतो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, ओली बाळंतीण, देवळाची चढण ज्याला चढवत नाही असा मनुष्य, सर्वांच्या अंगणात देवी येऊन उभी राहते. घरधनीण तिची ओटी भरते. गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणे घालतो: घरातल्या माणसांची नावे, मुंबईस कोण आहे, कोणाचे लग्न ठरत नाही, कोणाचे गुरू दगावले, हे सारे देवीच्या कानावर घातले जाते आणि उपस्थित मंडळी प्रत्येक वाक्यास होकार भरतात. एका अर्थी ही गावाची खानेसुमारीच होय. पालखी ज्या दारात जाते ते दार गावात मोजले जाते. जेथे जात नाही ते मोजले जात नाही. वाळीत टाकलेल्या घराला पालखीवाचून राहावे लागे, आणि कोकणातील मनुष्याला ह्याहून कडक शिक्षा दुसरी ठाऊक नव्हती.

आणि मग ती नाचते. ढोलाची लय चढू लागली की खांदेकरी दांडा खांद्यावरून हातांवर घेतात, हातांवरून पुन्हा खांद्यावर, कधी डोक्यावर. पालखी डोलते, गिरक्या घेते, वर उसळते, पण आतले मुखवटे पडत नाहीत. दोन गावांच्या पालख्या शिवेवर भेटतात तेव्हा दोघी बहिणी किंवा भाऊबहीण एकमेकांस भेटल्याप्रमाणे त्यांची भेट घडविली जाते आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. ‘खूण काढणे’ म्हणून आणखी एक प्रकार आहे. जमिनीत नारळ पुरून ठेवावयाचा, आणि पालखीने येऊन ती जागा दाखवावयाची. पालखी शेतात इकडे तिकडे धावते, मागे फिरते, एका जागी अडते, दांडा खाली टेकतो. खणून पाहावे तो नारळ निघतो.

खांदेकऱ्यांस विचारले तर ते सांगतात की, आम्ही नेत नाही, देवीच आम्हांला ओढते. ह्या उत्तरात लबाडी नाही. एक ताठ दांडा सहा-आठ माणसांच्या खांद्यांवर असला म्हणजे प्रत्येकाला स्वतःची ओढ जाणवत नाही. त्याला जाणवतो तो दांड्याचा दाब, म्हणजे इतर सर्वांची मिळून झालेली ओढ. पुढचा किंचित अडखळला की मागचा रेटला जातो. मागच्याने तोल सावरला की पुढचा वळतो. कोणी एक ठरवीत नाही आणि तरी काहीतरी ठरते. प्लँचेटवर बोटे ठेवणाऱ्यांस पेला आपण होऊन सरकल्याचा भास होतो, त्यातले शास्त्र हेच. जपानी लोक मिकोशी मुद्दाम हेलकावतात, उसळवितात. त्या हलविण्याने देवाचे सामर्थ्य जागे होते अशी त्यांची समजूत आहे. तेथील विख्यात लेखक मिशिमा युकिओ ह्यांस लहानपणी प्रश्न पडे की, मिकोशी उचलणारे हे बेभान लोक मान वर करून पाहतात तरी काय? मोठेपणी स्वतः खांदा दिला तेव्हा त्यांस उलगडा झाला. ते केवळ आभाळ पाहत होते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधग्रंथात हा अनुभव आला आहे. शास्त्राने ओढीचा हिशेब सांगितला तरी, एरवी एकमेकांशी बांधावरून भांडणारी आठ माणसे काही घटका एका अंगाने हलतात, ह्याचे नवल कमी होत नाही.

जो देव आत येतो त्याच्या उलट जी पीडा बाहेर घालवावयाची तीही मिरवूनच नेतात, हे नागपूरकरास सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत शहरातून निघते ती जाळून टाकण्यासाठी. काळीची प्रथा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. रोगराई घेऊन जा, असे ओरडत लोक तिच्यामागे धावतात. गिओनचा उत्सवही मुळात इ. स. ८६९ च्या एका साथीतून निघाला. रोग आणि देव, दोघांनाही गावाच्या रस्त्यांवरून न्यावे लागते, ही कल्पना फार जुनी आणि दूरवर पसरलेली दिसते.

आता दांड्याखालच्या माणसांकडे वळावे. जेजुरीस सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानास जाते; दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची अशा दोन पालख्या डोंगराच्या खोऱ्यात भेटतात. त्या उतारावर, भंडाऱ्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर, अंधारात पालखी सांभाळणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. तेथील खांदेकरी हे काम पिढीजात करीत आले आहेत, आणि त्यांचा मान हा कसबाचाही मान आहे. परंतु सर्वत्र असे नसते. कोकणात पुष्कळ गावी पहिला खांदा कोणाचा, पालखी आधी कोणत्या वाडीत जावयाची, मुखवट्यांची पेटी कोणाच्या घरी राहावयाची, ह्यावरून तट पडलेले आहेत. दिवाणी न्यायालयांत दावे चालतात. शिमगा जवळ आला की तहसीलदारांस जमावबंदीचे हुकूम काढावे लागतात. आणि काही गावी देवी वर्षानुवर्षे पेटीतच राहते. भांडण देवीसाठी, आणि कोंडून पडते ती देवीच.

वारकरी संप्रदायाचाही ह्यास अपवाद नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज ह्यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली तेव्हा तीत तुकोबांच्या आणि ज्ञानदेवांच्या पादुका एकत्रच होत्या. ‘ग्यानबा-तुकाराम’ हा गजर त्या जोडपालखीचीच खूण होय, असे सांगतात. पुढे मानपानावरून आणि हक्कांवरून वाद माजले. अखेर शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकर ह्यांनी १८३२ च्या सुमारास आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आज वारीतील ज्या शिस्तीचे सर्वत्र कौतुक होते, दिंड्यांचा ठरीव क्रम, चोपदाराचा दंड वर होताच पसरणारी शांतता, ती शिस्त ह्या भांडणानंतर लष्करी धर्तीवर बसविलेली आहे. जपानात तर अकराव्या शतकाच्या अखेरीपासून हिएई पर्वतावरील मठवासी हियोशी देवाच्या मिकोशी खांद्यावर घेऊन राजधानीवर चाल करून येत आणि मागण्या मान्य होईतो त्या रस्त्यात टाकून देत. शिपाई माणसांवर बाण सोडील, पण देवावर कसा सोडणार?

तथापि मानकऱ्यांच्या आपसांतील भांडणाहून गंभीर असा एक प्रश्न होता, आणि तो ज्यांना दांड्यास हातच लावू दिला जात नव्हता त्यांचा. देव देवळाबाहेर येतो, तेव्हा देवळात ज्यांना मज्जाव त्यांनाही दर्शन घडते, असे पालखीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दर्शन घडे ते दुरून. खांदा देणे म्हणजे स्पर्श करणे. आणि स्पर्शाचाच तर विटाळ मानलेला. वारीत सर्व जाती एका वाटेने चालतात, पण त्या एका पंक्तीस बसत नाहीत, हे इरावती कर्वे ह्यांनी स्वतः वारीत चालून पाहिले आणि १९४९ च्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ ह्या लेखात निर्भीडपणे लिहिले. त्याआधी दोनच वर्षे, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे देऊळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना दहा दिवस उपवास करावा लागला होता. ज्या विठोबाच्या भेटीसाठी सगळ्या पालख्या निघतात त्याच्या देवळाची ही स्थिती.

ह्या बाबतीत १९३० साली नाशकास घडलेली हकीकत विसरता येण्यासारखी नाही. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली २ मार्चपासून सत्याग्रह चालू होता. महिनाभर मंदिराची दारे बंद राहिली. ९ एप्रिलला रामाचा रथ निघावयाचा होता. रथ थांबविणे कोणासच बरे वाटेना. तेव्हा तडजोड ठरली की, रथ ओढण्यास स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनीही हात लावावा. मागणी गाभाऱ्याची होती, ठरले ते दोराचे; पण तो दोर हातात घेण्यासाठीही हजारो माणसे येऊन उभी राहिली. ऐन वेळी रथ त्यांना हात लावू न देताच पुढे नेण्यात आला. मग झटापट झाली, दगडफेक झाली, रक्त सांडले. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, आणि दार काही उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी हिंदुधर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तो नागपुरास पुरा झाला. दीक्षाभूमी प्रतापनगरापासून फार दूर नाही. त्या दोराच्या आणि ह्या भूमीच्या दरम्यान सव्वीस वर्षांचे अंतर आहे. पण संबंध सरळ आहे. ज्यांना देवाचे ओझे वाहू दिले गेले नाही त्यांनी अखेर त्या देवाचीच रजा घेतली.

कायद्याने देवळांची दारे उघडली. खांद्याचे तसे झटपट होत नाही. तो गावकीच्या वहिवाटीत दडलेला असतो आणि वहिवाट कागदावर नसते. शहरातील नव्या वस्त्यांना मात्र ह्या बाबतीत एक आयते सुख लाभले आहे. तेथे वहिवाटच नाही. प्रतापनगरासारख्या ठिकाणी कोणाचे आजोबा पालखीचे मानकरी होते हे कोणी विचारीत नाही, कारण सगळ्यांचेच आजोबा दुसऱ्या कोठल्या तरी गावचे. कोणी वऱ्हाडातला, कोणी भंडाऱ्याकडचा, कोणी घाटावरचा. तेथे जो पुढे येईल तो खांदा देतो आणि चार पावलांवर दुसऱ्याला देतो. बँकेतला कारकून आणि त्याचा वरिष्ठ एका दांड्याखाली येतात. जपानातील शहरांतही आता मिकोशी उचलण्यास बाहेरून येणाऱ्या हौशी मंडळ्या निघाल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी स्त्रियाही खांदा देतात. आपल्याकडे कोकणात काही गावी स्त्रियांनी पालखी नाचविण्यास आरंभ केला आहे, आणि त्या ती पुरुषांहून वाईट नाचवीत नाहीत. हौशी लोकांचे दुसरे अंगही आहे. तोक्योतील आसाकुसाच्या सांजा उत्सवात मिकोशीवर चढून उभे राहण्याचा प्रकार इतका वाढला की, २००८ साली देवस्थानाने आपल्या तिन्ही मुख्य मिकोशी काढल्याच नाहीत. मानकरी गर्विष्ठ असतो खरा, पण देवाच्या डोक्यावर पाय देऊ नये एवढे त्याला शिकवावे लागत नाही.

पालखी उचलण्याचे शास्त्रही शहरात नव्याने शिकावे लागते. जोड्या उंचीने सारख्या लावाव्या लागतात. उंच माणसाशेजारी ठेंगणा लागला तर सगळे ओझे उंचावर पडते आणि ठेंगणा नुसता दांड्याखालून चालतो. चढावर मागच्यांवर भार येतो, उतारावर पुढच्यांवर. खांदा बदलावयाचा तो चालता चालता, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याच्या खांद्यावर दांडा टेकल्याची खात्री झाल्यावाचून निघावयाचे नाही. पाऊल सर्वांचे एक पडू द्यावयाचे नाही, नाहीतर पालखी झोके घेऊ लागते. जुने भोई ह्यासाठी मुद्दाम पावले उलटसुलट टाकीत. हे जमले नाही म्हणजे कोणीतरी सुचवितो की पालखी हातगाडीवर किंवा मोटारीवर ठेवावी. वारीत ज्ञानदेवांची पालखीही बहुतेक वाट बैलांच्या रथातून चालते हे खरे. पण आळंदीहून निघताना, रिंगणात आणि मुक्कामी ती खांद्यावर येते, आणि लोक लोटतात ते त्याच वेळी.

२०२० साली करोनाच्या साथीत तर खांदाच उरला नाही. जून महिन्यात आळंदीस आणि देहूस प्रस्थान झाले, पण पालख्या हलल्या नाहीत. आणि ३० जून रोजी, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, निरनिराळ्या संतांच्या पादुका फुलांनी सजविलेल्या मोटारींतून पंढरपुरास नेण्यात आल्या. ज्ञानदेवांसाठी आणि तुकोबांसाठी एस्. टी. महामंडळाच्या गाड्या होत्या. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी ही विदर्भातील वारीची थोरली; परंपरा तिचा आरंभ १५९४ चा सांगते. तिलाही त्या वर्षी पायी वाट नव्हती. महिनाभराची वाटचाल काही तासांत संपली. देव पोहोचले, वारी झाली असे कोणी म्हटले नाही. दोन वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, पालख्या पुन्हा पायी निघाल्या.

कोकणात आज अडचण आहे ती माणसांची. तरणी मुले मुंबई-पुण्यास, गावात म्हातारे आणि कुलपे. सहाणेवर मुखवटे लावलेली पालखी तयार असते, ढोल ताणून ठेवलेले असतात, आणि चाकरमान्यांच्या गाड्या कधी पोहोचतात ह्याची वाट पाहिली जाते. कोठे कोठे घरोघर फिरण्याचे दिवस त्यांच्या रजा पाहून ठरतात. जपानच्या डोंगराळ गावांचीही हीच कथा आहे; तेथे खांद्यांअभावी मिकोशी ट्रकवरून फिरते, किंवा देवळाच्या कोठारात झाकून राहते. ज्या वाडीने एके काळी दुसऱ्या वाडीला दांड्यास शिवू दिले नाही, तीच आता शिमग्याच्या आधी तिच्याकडे चार माणसांची मागणी घेऊन जाऊ लागली आहे.